लूत, पिसवा आणि शेजारीपाजारी: नवख्या कुत्रेवाल्यांसाठी मार्गदर्शिका

ही कोणासाठी

अहिल्यानगर जिल्ह्यात ज्या घरात कुत्रं रात्री दीड वाजता मागच्या पायाने कान खाजवतं, दर खेपेला त्याचं ढोपर लोखंडी कॉटवर आपटतं आणि त्या ठणठणाटाने जागी झालेली माणसं एकमेकांना "त्याचं काहीतरी बघा की" असं सांगून कूस बदलतात, त्या घरासाठी ही मार्गदर्शिका आहे. जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. कुत्र्याच्या लसीच्या कार्डावर अजून अहमदनगर असेल तर बिघडत नाही. पिसवांना दोन्ही चालतं. कार्डच नसेल तर मात्र पुढचं वाचण्याआधी रेबीजची लस टोचून या. पुढे पदोपदी कुत्र्याला धरायचं आहे आणि खाजेने कावलेलं कुत्रं धनी ओळखत नाही.

जात कुठलीही चालेल. शेताच्या राखणीचा कारवानी, मेंढरांमागून आलेलं आणि इथेच राहिलेलं धनगरी कुत्रं, सावेडीच्या फ्लॅटमधला लॅब्रेडॉर, मे महिन्यात कूलरसमोर हताश बसलेला हस्की. हस्कीवाल्यांनी आणि पॉमेरेनियनवाल्यांनी आधी एक गोष्ट तपासावी. केस सगळ्या अंगावरून सारखे जातायत, खाली कातडी स्वच्छ आहे, खाज नाही, पण सतरंजीवर दुसरं कुत्रं तयार होईल इतके केस साठलेत, असं असेल तर तो आजार नव्हे. अशी कुत्री हंगामाला अंगावरची लोकर झाडतात. तुम्हाला औषध नको, झाडू हवा. मार्गदर्शिका इथेच मिटली तरी चालेल.

पायरी पहिली: काहीही लावू नका

नवशिक्याला ही पायरी सगळ्यात जड जाते. माणसाच्या खरजेबद्दल लोक कुजबुजतात. कुत्र्याच्या लुतीबद्दल पारावर जाहीर चर्चा होते. पाठीवर रुपयाएवढा चट्टा दिसायचा अवकाश, गल्लीतल्या प्रत्येकाला एकेक औषध आठवतं, आणि प्रत्येकाने ते आपल्या कुठल्यातरी मेलेल्या किंवा जगलेल्या कुत्र्यावर करून पाहिलेलं असतं.

"जळकं ऑइल चोळा," समोरचे तात्या सांगतील. "आमचा वाघ्या लहान असताना ट्रॅक्टरच्या ऑइलवर बरा केला. आठ दिवसात केस!"

तात्या खोटं बोलत नाहीत. तेलाने किडा गुदमरतो, म्हणूनच हा उपाय इतकी वर्षं टिकला. पण इंजिनातून निघालेल्या ऑइलमध्ये जळके हायड्रोकार्बन असतात, धातूंचा कीस असतो, आणि लुतीने कातडी आधीच सोलवटलेली असते. तिच्यातून हा सगळा माल आत मुरतो. उरलेला तोंडाने जातो, कारण कुत्र्याकडे टॉवेल नसतो, जीभ असते. त्याच्या अंगाला जे लावाल ते रात्रीतून पोटात जाणार, असंच धरून चाला. मग रॉकेल, फिनेल आणि तंबाखूचं पाणी आपोआप बाद होतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर जहाल आहे हे खरं, पण तितकीच ती डोळ्यांवरही जहाल आहे, आणि पूड लावलेलं कुत्रं पहिलं काम करतं ते म्हणजे तोंड पायावर घासतं.

गोठ्यातल्या गोचिडाच्या औषधाची बाटली हाताशीच असते. बाटलीवर गाईचं चित्र असतं. कुत्र्याला ते कळत नाही, तुम्हाला कळायला हरकत नाही. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन किंवा डेल्टामेथ्रिन असलेलं काहीही कुत्र्यावर फवारण्याआधी दहादा विचार करा. ही औषधं कुत्रं बऱ्याचदा पचवतं, त्याला खेटून झोपणारं मांजर मरू शकतं. आंघोळीचा आपला साबणही नको. माणसाची कातडी थोडी आम्लधर्मी असते, कुत्र्याची जवळपास उदासीन. आपल्या साबणाने त्याच्या अंगावरचं तेल निघून जातं आणि खाज दुप्पट होते. घरातला माणूस म्हणतो, "बघा, आंघोळ घातली तरी खाजवतंय."

आजी हळद सुचवतील. हळदीला जिल्ह्यात मान आहे. पारनेर तालुक्यात कोरठणच्या खंडोबावर भंडारा उधळतात, आणि कुत्रं हे खंडोबाच्याच सोबतीचं जनावर, त्यामुळे आजींची बाजू भक्कम दिसते. हळदीने अपाय होणार नाही. पण पी हळद नि हो गोरी असंही नाही. कातडीच्या आत बोगदा खणून बसलेल्या किड्याला वर भंडारा उधळल्याचा पत्ता लागत नाही. पिवळं कुत्रं तेवढं मिळतं, आणि पिवळी गादी. आजींच्या यादीतलं गंधक मात्र हसण्यावारी नेऊ नका. चुना आणि गंधक उकळून केलेलं द्रावण लुतीवर आणि गजकर्णावर पशुवैद्य आजही वापरतात. फरक प्रमाणाचा आहे. आजी चिमटीने मोजतात, डॉक्टर मिलिलिटरने.

पायरी दुसरी: टक्कल कुठे पडलंय ते बघा

खाज हा आजार नाही, तक्रार आहे. ती कोणाविरुद्ध आहे, हे टकलाची जागा बऱ्यापैकी सांगते. कुत्र्याला सकाळच्या उन्हात अंगणात उभं करा. एकाने मान धरायची, दुसऱ्याने उवांची बारीक फणी चालवायची, तिसऱ्याने बिस्किट दाखवत राहायचं. चौथा माणूस मोबाइलवर व्हिडिओ काढेल. त्याला दळणाला पाठवा.

शेपटीच्या मुळाशी, कमरेवर आणि मांड्यांच्या मागे केस तुटून विरळ झाले असतील तर पहिला संशय पिसवांवर. यावर घरातून हमखास उत्तर येतं की आमच्या कुत्र्यावर एकही पिसू नाही. नसेल दिसत. खाजेने हैराण झालेलं कुत्रं दिवसभर दातांनी तेच काम करत असतं, पुरावा गिळून टाकतं. म्हणून पिसू शोधू नका, तिची विष्ठा शोधा. शेपटीच्या मुळाशी फणी फिरवा, फणीत मिरपुडीसारखे काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर झाडा आणि मिनिटभर थांबा. नुसती माती असेल तर कण काळेच राहतील. पिसवांचा माल असेल तर प्रत्येक कणाभोवती तांबूस, विटकरी डाग पसरायला लागेल. ते तुमच्या कुत्र्याचंच रक्त आहे, पिसवेने पिऊन, पचवून बाहेर टाकलेलं. हा कागद घरातल्या सगळ्यात शंकेखोर माणसाला दाखवा. पुढचे वाद मिटतात.

काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचीच ॲलर्जी असते. तिथे दोन-चार चावे पुरतात आणि कुत्रं आठवडाभर कंबर कुरतडत बसतं. एक गंमत म्हणजे कुत्र्यावर सापडणारी पिसू बहुतेक वेळा शास्त्राच्या पुस्तकात मांजराची पिसू म्हणून नोंदलेली असते. त्यावरून शेजारणीच्या मांजराशी भांडण उकरून काढू नका. घरी-दारी मांजर नसलं तरी जात तीच असते.

कानांच्या कडा, कोपरं, मागच्या पायांचे सांधे आणि पोट, इथे केस जाऊन खपल्या धरल्या असतील आणि कुत्रं जेवता जेवता ताट सोडून खाजवत असेल, तर ती लूत. तिची एक परीक्षा घरी करता येते. कानाची पाळी अंगठा आणि बोटात धरून पाळीवर पाळी घासा. लुतीच्या कुत्र्याचा त्या बाजूचा मागचा पाय आपोआप हवेत खाजवायला लागतो, हार्मोनियमचा भाता हलावा तसा. निरोगी कुत्रं बहुधा नुसतं तुमच्याकडे बघतं. पाय हलला म्हणजे लूतच असं नव्हे, पण डॉक्टरही टेबलावर आधी हेच करून बघतात.

लुतीचा किडा मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्शाएवढा, डोळ्यांना न दिसणारा. मादी कातडीत बोगदा खणत जाते आणि मागे अंडी घालत जाते. माणसाच्या खरजेतला याचाच भाऊबंद १६८७ मध्ये इटलीत बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी भिंगाखाली पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि खरूज याच्यामुळेच होते असं लिहून कळवलं. शरीरातले रस बिघडून खरूज होते असं मानणाऱ्या वैद्यांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. त्यांना हसायचं कारण नाही. "त्याचं रक्त खराब झालंय" हे निदान आपल्याकडे पानाच्या टपरीवर अजून फुकट मिळतं.

डॉक्टर पात्याने कातडी खरवडून काचेवर घेतील आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघतील. किडा सापडला तर लूत पक्की. सापडला नाही तर लूत नाही, असं मात्र होत नाही. निम्म्याहून जास्त वेळा तो त्या खरवडीत हाती लागतच नाही, म्हणून लक्षणं बोलकी असतील तर डॉक्टर संशयावरही औषध देतात. "रिपोर्टमध्ये काही नाही आलं, तरी औषध कशाला?" असा हिशेब मांडू नका.

पिल्लाच्या डोळ्यांभोवती चष्म्यासारखं टक्कल, ओठाच्या कडेला एखादा चट्टा, पुढच्या पंजावर दुसरा, आणि खाज जवळजवळ नाही, हा प्रकार वेगळा. हा डेमोडेक्स. हा किडा केसाच्या मुळात राहतो आणि बहुतेक सगळ्या धडधाकट कुत्र्यांच्या अंगावर थोडाफार असतोच. जन्मानंतर पहिल्या काही दिवसांत, दूध पिताना, आईकडून येतो. अंगाची प्रतिकारशक्ती त्याला एरवी आवरून धरते. वाढत्या वयाच्या पिल्लात चार-दोन चट्टे उठतात आणि दहातले नऊ वेळा औषधाशिवाय भरून येतात. तात्यांचा वाघ्या लहान होता, हे तुमच्या लक्षात असेलच. त्याचे केस येणारच होते. श्रेय ट्रॅक्टरला गेलं. अंगभर पसरलेला डेमोडेक्स मात्र चेष्टेचा विषय नाही. त्याला महिनोन्‌महिने उपचार लागतात, आणि अशा कुत्र्याची पिल्लं काढू नयेत.

गोल चट्टा, मधे टक्कल, कडेला कोंडा: गजकर्ण. हा किडा नव्हे, बुरशी. डॉक्टर अंधारात विशिष्ट जांभळा दिवा धरतात, त्यात काही बुरश्या हिरव्या चमकतात, काही चमकत नाहीत.

पंजे चाटून चाटून पांढऱ्या केसांना तांबूस रंग चढलाय, कानाला आंबूस वास येतो, काखा लाल आहेत, आणि हे दरवर्षी ठरावीक महिन्यांत होतं, तर ॲलर्जी. बांधाबांधावरचं गाजरगवत इथे लगेच आरोपी म्हणून पुढे केलं जातं. ते संशयित आहे, पण धूळ, घरातले सूक्ष्म किडे आणि परागकण हेही रांगेत आहेत. दोन्ही कुशींवर अगदी सारखं टक्कल, खाज नाही, शेपटी बोडकी, कुत्रं सुस्त आणि न खाता जाड, असं असेल तर थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्या. ते पारावरच्या कोणालाच सुचणार नाही.

पायरी तिसरी: आता माणसांचे हात वर करा

लाजायचं कारण नाही. पिल्लाला छातीशी धरून झोपणाऱ्या नातवाच्या पोटावर लाल पुरळ आहे का, कुत्र्याचं पांघरूण झटकणाऱ्या सूनबाईंच्या हातावर खाज आहे का, बघा. कुत्र्याची लूत माणसाला चावते, पण माणसावर तिचा वंश वाढत नाही. कुत्रं बरं झालं की माणसंही काही आठवड्यांत बरी होतात. गजकर्णाचं तसं नाही. ते माणसावर नीट बस्तान बसवतं आणि त्याला वेगळं औषध लागतं. इथे घरातली माणसं आपापल्या पुरळावर मेडिकलमधून मिळणारं, तीन-चार औषधं एकत्र कालवलेलं गोरं करणारं मलम लावतात. त्यात स्टेरॉइड असतं. बुरशी त्याने दबते, पसरते आणि ओळखू येईनाशी होते. कुत्र्याच्या डॉक्टरांना भेटायला निघताना माणसांच्या डॉक्टरांचीही वेळ घेऊन ठेवा, आणि तिथे "घरात कुत्र्याला केस जायचा आजार आहे" हे पहिल्याच वाक्यात सांगा.

पायरी चौथी: घर

पिसवांच्या बाबतीत आपण सगळे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी करतो. कुत्र्याला औषध लावतो आणि पिसवा राहतात घरात. एक मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते, ती केसांवरून घरंगळून जमिनीवर पडतात. ढोबळ हिशेबाने शंभरातल्या पाचच पिसवा अंगावर असतात. बाकीच्या ९५ अंडी, अळ्या आणि कोशांच्या रूपात गोणपाटात, कॉटखाली, सोफ्याच्या फटीत आणि फरशीच्या सांध्यात वाट बघत असतात. कोशातली पिसू फवारणीला दाद देत नाही. ती पावलांचा हादरा आणि श्वासाची ऊब आली की बाहेर पडते. दिवाळीत चार दिवस मामाच्या गावाला जाऊन दार उघडल्यावर पायांवर एकदम पिसवांचा हल्ला होतो तो यामुळेच. तुम्ही नसताना त्या वाढलेल्या नसतात, तुमची वाट बघत थांबलेल्या असतात.

उपाय कंटाळवाणा आहे. कुत्र्याचं गोणपाट आणि चादरी दर आठवड्याला गरम पाण्यात धुवायच्या, कोपरे रोज झाडायचे, केर लगेच घराबाहेर न्यायचा. जिल्ह्याचा बराचसा भाग पर्जन्यछायेत आहे, ही एरवी रडायची गोष्ट इथे कामाला येते. पिसवेच्या अळीला ओल लागते, कोरड्या उन्हात ती सुकून मरते. जामखेड, कर्जतकडच्या मंडळींनी गादी दिवसभर पत्र्यावर टाकली की अर्धं काम होतं. अकोले तालुक्यात घाटघर-भंडारदऱ्याकडे पावसाळ्यात ऊन महिना-महिना दिसत नाही. तिथे गोणपाट वाळण्याची वाट बघू नका, नवं टाका. कुत्रं ओलं राहिलं की कातडीवरची बुरशीही माजते, त्यामुळे त्या भागात औषधाआधी टॉवेल.

गोचिडाचं भांडण बहुतेक वेळा चुकीच्या घरी जातं. "गाईंमुळे येतात," म्हणून कुत्र्याला गोठ्यापासून लांब बांधतात. कुत्र्यावर आढळणारा तपकिरी गोचीड बहुधा वेगळ्या जातीचा असतो. तो आयुष्यभर कुत्र्यावरच पोसतो आणि अंडी घालायला उतरून भिंत चढतो. दगडी वाड्याच्या भेगा, पत्र्याच्या शेडचे सांधे, कुत्र्याच्या घराचं छप्पर, तिथे टॉर्च मारून बघा. मादी हजारोंनी अंडी घालते. गोचीड रॉकेलच्या बोळ्याने किंवा काडीच्या चटक्याने काढू नका. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. आणि कुत्रं जेवेना, ताप आला, नाकातून रक्त आलं, तर केसांचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. गोचीडताप मारतो.

पायरी पाचवी: डॉक्टर

हा गाईंचा जिल्हा आहे. पहाटे डेअरीवर कॅनची रांग, संकरित गाय दारात, आणि तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या माणसाचा दिवस कृत्रिम रेतनात, लाळ्या-खुरकुताच्या लसीत आणि अडलेल्या गाईंत जातो. २०२२ साली लम्पी आला तेव्हा तर त्यांना जेवायला उसंत नव्हती. तेव्हापासून कुत्र्याच्या अंगावर गाठ दिसली तरी "लम्पी तर नाही ना?" असं विचारणारी माणसं आहेत. नाही. तो गोवंशाचा रोग आहे, क्वचित म्हशीला होतो. कुत्र्याला होत नाही, तुम्हालाही होत नाही.

तर होतं असं, की गाय तपासायला आलेल्या माणसाला निघता निघता कुत्रं दाखवलं जातं. "साहेब, ह्याला पण एक टोचा की." आणि बॅगेत असतं आयव्हरमेक्टिन. औषध थोर आहे. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोल्फच्या मैदानाजवळच्या मातीतून एक जिवाणू वेगळा केला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्याची कमाल ओळखली, आणि २०१५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. लुतीचा किडा त्याने मरतो. प्रश्न सुईतल्या रेघांचा आहे. गाईसाठीचं इंजेक्शन ५० किलो वजनाला १ मिली या मापाचं असतं. १० किलोच्या कुत्र्याला अंदाजाने १ मिली भरलं तर वजनाच्या मानाने गाईच्या पाचपट झालं. कोली, शेल्टी यांसारख्या मेंढपाळी विलायती जातींत, आणि काही जर्मन शेफर्डमध्येही, एक जनुक असा बिघडलेला असतो की लुतीसाठीचा एरवीचा डोसही थेट मेंदूत शिरतो. बुबुळं मोठी होतात, तोल जातो, लाळ गळते, कुत्रं बेशुद्ध पडतं. यावर उतारा म्हणून टोचायचं औषध नाही. म्हणून कुत्र्याला आधी वजनकाट्यावर चढवा. चढत नसेल तर तुम्ही त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि तुमचं वजन वजा करा. हे करताना स्वतःचं वजन मोठ्याने सांगायची गरज नाही.

आता चघळायच्या गोळ्या मिळतात, अफॉक्सोलॅनर किंवा सॅरोलॅनर महिन्याला एक, फ्लुरालॅनर जवळपास बारा आठवड्यांना. पिसवा, गोचीड, बऱ्याचदा लूतही, असे तीन पक्षी त्यात होतात. गोळी वजनाप्रमाणे असते, अर्धी-अर्धी करून दोन कुत्र्यांत वाटायची नाही. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर तसं सांगा.

एक इंजेक्शन फार लोकप्रिय आहे. ते टोचलं की त्याच संध्याकाळी खाज थांबते, कुत्रं झोपतं, घर झोपतं, डॉक्टरांचं नाव पंचक्रोशीत होतं. आठवड्याभराने खाज परत. ते स्टेरॉइड. योग्य जागी ते मोलाचं आहे, पण लुतीवर, गजकर्णावर किंवा डेमोडेक्सवर नुसतं तेच दिलं तर किड्यांना राखणदार झोपलेलं शेत मिळतं. "खाज कशाने आहे?" हा प्रश्न सुई टोचण्याआधी विचारा. डॉक्टर रागावले तर तेवढं सोसा. जवळ कोणी नसेल तर १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची चौकशी करता येते. फोनवर "गाय नाही, कुत्रं आहे" हे आधीच सांगा.

औषधी शॅम्पू मिळाला असेल तर त्याचा फेस दहा मिनिटं अंगावर राहू द्यायचा असतो. सगळे लोक दीड मिनिटात धुऊन टाकतात आणि शॅम्पू भंगार आहे म्हणतात. पाथर्डीत मे महिन्यात टँकरच्या पाण्याने कुत्र्याला आंघोळ घालणार असाल तर मोरी नको, परसातल्या शेवग्याच्या आळ्याशेजारी उभं करा आणि आळ्यात उतरेल ते फक्त साधं पाणी, पहिला फेस नव्हे. चाटू नये म्हणून गळ्यात घालायचा प्लास्टिकचा नरसाळा महाग वाटला तर जुन्या बादलीचा तळ कापून कडांना चिकटपट्टी लावा. कुत्रं दोन दिवस दारांना धडका देईल आणि तिसऱ्या दिवशी त्याच बादलीने पाण्याचं भांडं ढकलायला शिकेल.

पायरी साडेपाचवी: खाणं

ॲलर्जी खाण्याची आहे का हे रक्त तपासून भरवशाने कळत नाही. आठ आठवडे कुत्र्याला आजवर न खाल्लेल्या पदार्थांवर ठेवावं लागतं आणि त्याशिवाय एक कणही द्यायचा नसतो. कुत्र्यांना ॲलर्जी आणणाऱ्या पदार्थांच्या यादीत दूध, गहू आणि कोंबडी वरच्या नंबरात आहेत. म्हणजे दूध-पोळी, बिस्किट आणि रविवारची हाडं. नगरी कुत्र्याचा अख्खा आहार यादीत निघाला.

परदेशी पुस्तकं सशाचं नाहीतर बदकाचं मांस सुचवतात. आपल्याकडे कोंबडीवर वाढलेल्या कुत्र्याला बोकडाचं मटण आणि बटाटा चालू शकतो, कांदा-लसूण न घालता. अशा घरात आठ आठवडे कुत्रं मटण खातं आणि माणसं पिठलं. सासऱ्यांना हे समजावण्याचा मार्ग या मार्गदर्शिकेच्या आवाक्याबाहेर आहे.

आणि तुमचं कुत्रं काळं असेल तर चाचणी शनिवारी फसते. नेवासे तालुक्यातलं शिंगणापूर जवळ, साडेसाती घरोघर, आणि काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घातली की पीडा टळते ही समजूत पक्की. आठवडाभर तुम्ही पथ्य सांभाळता, शनिवारी सकाळी गल्लीतली चार पीडित माणसं हातात पोळी घेऊन फाटकाशी उभी राहतात. त्यांना अडवू नका, पोळी घेऊन ठेवा आणि गाईला घाला. पुण्य कोणाच्या खाती जमा होतं हा देवाचा हिशेब.

पायरी सहावी: थांबा

खाज थांबते, कुत्रं झोपायला लागतं, आणि घरातले म्हणतात, "झालं बरं." हीच धोक्याची वेळ. लुतीच्या किड्याचं चक्र अंड्यापासून अंड्यापर्यंत दोन-तीन आठवड्यांचं असतं, म्हणून एका डोसाने काम भागत नाही. डेमोडेक्सचं औषध तर महिनाभराच्या अंतराने दोन खरवडी कोऱ्या येईपर्यंत चालतं, केस केव्हाच आलेले असले तरी. शेजारची, गल्लीतली, रोज फाटकातून नाक लावून जाणारी कुत्री तशीच राहिली तर सगळं पहिल्यापासून. तात्यांच्या कुत्र्यालाही औषध द्या. पैसे तुम्हीच द्यायला लागतील, वर "आमच्याला कुठं काय झालंय?" हेही ऐकायला लागेल.

केस यायला एक-दोन महिने लागतात. आधी मऊ लव येते, कधी रंग थोडा गडद येतो, मग दाट होतात. तोवर मागच्या पायाची नखं कापून बोथट ठेवा.

पुढच्या गोळीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा, पण दुधाच्या हिशेबाशेजारी नुसता "१" लिहू नका. महिनाअखेरीला दूधवाला तो मोजतो, पैसे घेऊन जातो, आणि गोळी राहून जाते. "कुत्रं" असं पूर्ण लिहा.